उकंडरावांचा नमुना

अकोल्याच्या आमच्या कचेरीच्या व्हरांड्यात एक लांब बाक होता. कामासाठी आलेला माणूस त्यावर बसायचा, घाम पुसायचा आणि आतून हाक येण्याची वाट पाहायचा. उकंडराव त्या बाकावर कधी बसले नाहीत. ते थेट माझ्या खिडकीशी येऊन उभे राहायचे. एकदा मला अवघडल्यासारखं झालं म्हणून म्हणालो, "बसा ना, थोडा वेळ लागेल." ते म्हणाले, "बसलेल्या मानसाले कचेरी इसरते, भाऊसाहेब. उभा मानूस डोयात खुपते."

ते खुपायचेच. उंच, वाळक्या अंगाचे, मिशा पांढऱ्या आणि भुवया मात्र काळ्याभोर. मोर्णेच्या काठावर त्यांचा भाजीचा मळा होता. मळ्यात ते उघड्या अंगाने वावरायचे, पण कचेरीत यायचं म्हणजे अंगात काळा कोट. तो कोट कोणा वकिलाने टाकून दिलेला होता असं म्हणत. बाह्या कोपराच्या जरा खाली संपायच्या. त्यांची बायको सोनाबाई त्याला 'हरकतीचा कोट' म्हणायची. खुंटीवरून कोट निघाला की ती भाकरी बांधून द्यायची, कारण आता हा माणूस संध्याकाळशिवाय परत येत नाही हे तिला माहीत होतं.

नाव उकंडा, कारण आधीची भावंडं जगली नव्हती. असं हलकं नाव ठेवलं की पोर जगतं, ही आमच्याकडची समजूत. त्यांना त्या नावाचं काही वाटायचं नाही. म्हणायचे, "माह्या नावातच उकिरडा हाये जी. मयाले खत इकत आनाचं कामच नाई."

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. कचेरीत मी टेंडरच्या टेबलावर कारकून होतो. सरकारी दवाखान्याच्या स्वयंपाकघराला वर्षभर भाजी पुरवायचा ठेका आमच्याकडून निघायचा. ज्याला ठेका मिळाला नाही त्याला हरकत घेण्याची मुभा होती. बहुतेक लोक घ्यायचे नाहीत. सरकारशी वाकडं कशाला, असा विचार करून घरी जायचे. उकंडराव हरकत घ्यायचे. अक्षर त्यांना येत नव्हतं. कचेरीसमोरच्या लिंबाखाली एक म्हातारे अर्जनवीस बसत, त्यांच्यापुढे उभं राहून ते अर्ज सांगायचे. अर्जनवीसबुवा 'गरीब परवर' वगैरे घालू लागले की म्हणायचे, "थे काढा. गरीब कोन हाये? मुद्द्याचं लेहा."

मी त्या टेबलावर आलो त्या वर्षी गंमत अशी झाली की ठेका उकंडरावांनाच मिळाला. मला वाटलं, आता वर्षभर खिडकी मोकळी. तिसऱ्या प्रहरी कोट दिसला.

"हरकत द्याची हाये."

"अहो, ठेका तुम्हालाच मिळालाय," मी म्हणालो.

"थेच तं इचारून राहिलो. मले काहून देला?"

"तुमचा दर सगळ्यात कमी होता म्हणून."

"अन् वांगे कोनी पाह्यले? मेथी कोनी पाह्यली? कागद पाह्यला अन् ठेका देला. उद्या बाजारात लोक म्हनतीन, उकंड्या सस्ता हाये म्हून भेटला. माल चांगला हाये म्हून भेटला, असं कोन म्हनन?"

आतल्या खोलीत आमचे हेडक्लार्क तात्यासाहेब बसत. ते जाडजूड, शांत गृहस्थ होते. दुपारच्या जेवणानंतर त्यांना कोणी उठवलेलं आवडत नसे. ते उठून खिडकीशी आले आणि म्हणाले, "उकंडराव, जिंकलेल्या माणसाची हरकत घ्यायला माझ्याकडे फाईल नाही."

"मंग नवी उघडा," उकंडराव म्हणाले.

फाईल उघडावी लागली. अर्ज वरपर्यंत गेला, आणि साहेबांना त्यात तथ्य दिसलं असावं, कारण पुढच्या वर्षापासून नियमच आला: टेंडरसोबत प्रत्येकाने आपल्या मालाचा नमुना आणावा, कमिटीने तो तपासावा आणि शेरा लिहावा. तात्यासाहेब नियम वाचून मला म्हणाले, "या माणसाने आपल्या पाठीवर भाजीबाजार बसवला." उकंडरावांना मी नियम वाचून दाखवला तेव्हा ते खूश झाले. तो नियम त्यांच्याच अंगावर येणार आहे, हे तेव्हा कोणालाच सुचलं नाही.

कचेरीपुरताच त्यांचा हा स्वभाव होता असं नाही. थोरल्या मुलासाठी ते चांदूर बाजारला मुलगी पाहायला गेले होते. मुलीच्या बापाने त्या आठवड्यात आणखी एक स्थळ बोलावलं होतं, आणि सोयरीक त्या दुसऱ्यांशी जमवली. दुसरा कोणी असता तर तोंड पाडून घरी आला असता. उकंडराव पुन्हा चांदूर बाजारला गेले आणि त्या गृहस्थाला म्हणाले, "पोरगी तुमची, मर्जी तुमची. पन त्यायच्या पोराले तुमी मोट हाकाले लावली, माह्या पोराले नुसता चहा देला. माहं पोरगं मोट हाकत नाई हे तुमाले चहावरून समजलं का?" तो गृहस्थ आधी रागावला, मग हसत सुटला. शेवटी त्याने मुलाला बोलावून मोट हाकायला लावली. मुलाने ती झकास हाकली, आणि त्या गृहस्थाच्या धाकट्या मुलीचं लग्न उकंडरावांच्या घरी झालं. सोनाबाई हे सांगताना म्हणायची, "माही सून हरकतीतून भेटली."

आता मुख्य गोष्ट.

नमुन्याचा नियम आला त्या पहिल्याच वर्षी टेंडर उघडण्याचा दिवस नेमका चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी आला. ज्या घरांत चातुर्मास पाळतात तिथे चार महिने वांगं वर्ज्य असतं. मग चंपाषष्ठीला खंडोबाला भरताचा नैवेद्य होतो आणि वांगं पुन्हा घरात येतं. आमच्या कचेरीत बहुतेक सगळे चातुर्मास पाळणारे होते. चार महिने वांग्याशिवाय काढलेली ती माणसं.

टेंडर दोनच आली. एक उकंडरावांचं, दुसरं दौलतरावांचं. दौलतराव हे उकंडरावांचे साडू. सोनाबाईची धाकटी बहीण त्यांना दिलेली. त्यांचा मळा नदीच्या पल्याड, अगदी समोर. स्वभाव उलट: उकंडराव जेवढे बोलायचे तेवढे दौलतराव गप्प. त्यांनी आपली टोपली आणली, फडक्याने घट्ट बांधलेली, गाठ न सोडता कोपऱ्यात ठेवली आणि निघून गेले.

उकंडरावांनी मात्र आपली टोपली टेबलावर उघडीच ठेवली. भरताची मोठी हिरवी वांगी, देठाला अजून ओल. खोलीतल्या सगळ्या लेखण्या थांबल्या. सगळे आपल्याकडे पाहतात म्हटल्यावर माणूस काहीतरी बोलतो. उकंडराव बोलले, "वानोया हाये जी, मयातला."

आमच्याकडे बोलताना ळ चा य होतो. मळ्यात नवं काही पिकलं की शेजारीपाजारी, ओळखीच्यांना त्यातलं थोडं देतात, तो वानवळा. म्हणजे वानोया. देणारा प्रत्येक माळी टोपली ठेवताना हा शब्द बोलतोच.

साहेब त्या दिवशी दौऱ्यावरून आलेच नाहीत. कमिटीची बैठक दोन दिवस पुढे गेली. संध्याकाळी कचेरी सुटताना तात्यासाहेब टोपलीपाशी रेंगाळले. "वानोळा म्हणालाच आहे तो," ते म्हणाले आणि दोन वांगी उपरण्यात घेतली. मग आणखी दोन. मग आम्ही सगळे. मी पण. मी मुळात घाबरट आणि अपराधी मनाचा माणूस, पण घरी आई होती, दुसऱ्या दिवशी खंडोबाचा नैवेद्य होता, आणि हेडक्लार्कच घेत होते.

दोन दिवसांनी कमिटी बसली. साहेब, दवाखान्याचे डॉक्टर आणि तात्यासाहेब. दौलतरावांच्या टोपलीची गाठ सोडली तर आत सगळा माल जागेवर. उकंडरावांच्या टोपलीत दोन वांगी उरली होती, एक सुकलेलं, एक किडकं. ती उरली होती कारण ती कोणाला नको होती. डॉक्टरांनी किडकं वांगं चाकूने उघडलं आणि नाक मुरडलं. शेरा लिहिला गेला: 'नमुना निकृष्ट.' ठेका दौलतरावांना.

निकाल शेऱ्यासकट फळ्यावर लागला आणि शिपायाने तो अंगणात मोठ्याने वाचला. बाजारात तो शब्द कोणाला ठाऊक नव्हता, पण त्याचा आवाज लोकांना आवडला. बाया सोनाबाईच्या दुकानावर वांगं उचलून म्हणायच्या, "निकुष्ट तं नाई ना व?" पोरं उकंडरावांना पाहून 'निकुष्ट मामा' म्हणायची. सोनाबाईने एकदा मला रस्त्यात थांबवून विचारलं, "भाऊ, थे निकुष्ट म्हन्जे शिवी हाये का रोग हाये?" मी म्हणालो, "हलकं, वाईट." ती आपल्या टोपलीतल्या वांग्यांवर पाणी शिंपडत राहिली.

उकंडरावांनी त्या वर्षी दिलेल्या हरकतीत ठेक्याचं नावच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "ठेका दौलतकडे गेला, घरातच गेला. पन सरकारच्या कागदावर लेहेलं हाये का उकंड्याचे वांगे वाईट. मी मरून जाईन, थो कागद नाई मरत. माह्या नातवानं कधी टेंडर भरलं तं कोनीतरी थो काढन. मले थो शब्द खोडून पाह्यजे."

सुनावणी अमरावतीला लागली. तात्यासाहेब आणि मी फाईल घेऊन निघालो. अकोल्याहून बडनेरा आणि तिथून अमरावतीची गाडी. बडनेऱ्याला गाडी बदलली तर समोरच्या बाकावर उकंडराव. कोट घडी करून मांडीवर. गाडी सुटताच त्यांनी भाकरी सोडली, ठेचा आणि कांदा काढला, आणि अर्धी भाकरी तात्यासाहेबांपुढे धरली.

"अहो, मी तुमच्या विरुद्ध बोलायला चाललोय," तात्यासाहेब म्हणाले.

"बोला ना जी. उपाशी कायले बोलता?"

तात्यासाहेबांनी भाकरी घेतली. थोड्या वेळाने ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ठेचा घ्या थोडा. चांगला आहे."

अमरावतीचे अधिकारी पुण्याकडचे होते. बारीक चष्मा, स्वच्छ उच्चार. वऱ्हाडी बोलणं कानावर पडलं की त्यांची मान जरा मागे जायची.

तात्यासाहेबांनी सुरुवात केली. "साहेब, अर्जदाराने टोपली ठेवताना स्वतःच्या तोंडाने सांगितलं की हा वानोया आहे."

"वानोया म्हणजे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"वानवळा, साहेब. म्हणजे प्रेमाची भेट. भेट म्हणून दिलेली वस्तू कचेरीने स्वीकारली, यात गैर काय?"

अधिकारी उकंडरावांकडे वळले. "आपण असे म्हणालात?"

"म्हनलो," उकंडराव म्हणाले. "टोपली ठेवताना मानूस काय म्हनते जी? पाव्हना आला का तुमी म्हनता, घर तुमचंच हाये. मंग काय थो पाव्हना घर घेऊन जाते?"

अधिकाऱ्यांनी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"बरं," उकंडराव पुढे म्हणाले, "यायचं खरं धरा. वानोया होता. मंग नमुना कोठी हाये? नमुना नव्हताच तं निकुष्ट कोन हाये? अन् नमुना होता म्हनतीन, तं मंग खाल्ला कोनी?"

तात्यासाहेब म्हणाले, "टोपलीत दोन वांगी शिल्लक होती, ती तपासली."

"लग्नात नवरदेव पयून गेला तं तुमी घोड्याले हार घालता का?"

अधिकाऱ्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. त्यांनी विचारलं, "बाकीची वांगी कोणी नेली, याला साक्षीदार आहे?"

उकंडरावांनी माझ्याकडे बोट केलं. "हे भाऊसाहेब. यायचं तोंड पाहा, यायले खोटं पचत नाई."

मी उभा राहिलो. तात्यासाहेब माझे वरिष्ठ, पगारवाढ त्यांच्या हातात. मी म्हणालो की मीही नेली होती.

"त्यांचे काय केलेत?"

"आईनं भरीत केलं."

"कसे झाले होते?"

"चांगलं झालं होतं, साहेब. आईनं दुसऱ्या दिवशी विचारलं, आणखी आहेत का म्हणून."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. मग ते सावकाश तात्यासाहेबांकडे वळले. "आणि आपल्या घरी?"

तात्यासाहेबांनी उपरण्याने मान पुसली. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की वाईट म्हणावं तर खाल्ली का, हा प्रश्न येणार, आणि चांगली म्हणावं तर शेऱ्यावर सही कोणाची, हा. शेवटी ते म्हणाले, "कुटुंबानं मळ्याचा पत्ता विचारला होता."

निकाल तिथेच झाला. शेरा रद्द. दोन्ही टेंडरवाल्यांसमोर, दोघांची वांगी शिजवून, कमिटीने पुन्हा तपासणी करावी आणि ठेका त्यावर ठरवावा. खाली अधिकाऱ्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ जास्त घातली: 'तपासणीपूर्वी नमुना कोणीही भक्षण करू नये.'

बाहेर आल्यावर तात्यासाहेब माझ्याशी बडनेऱ्यापर्यंत बोलले नाहीत. बडनेऱ्याला म्हणाले, "तुम्ही बरोबरच बोललात. पण आईला मध्ये आणायची काय गरज होती?"

तपासणी दवाखान्याच्या मागच्या अंगणात झाली. साहेब आणि डॉक्टर खुर्च्यांवर, तात्यासाहेब कागद घेऊन. उकंडरावांनी कोट घातला होता आणि सकाळपासून सूचना चालल्या होत्या. गोवऱ्या एकाच ढिगातल्या हव्या. भाजणारी बाई एकच हवी. मीठ, तेल, मिरची एकाच हाताने पडली पाहिजे. ताटांवर नाव नको, कोणतं कोणाचं हे फक्त त्या बाईला ठाऊक असावं. डॉक्टर कंटाळून म्हणाले, "उकंडराव, ऑपरेशनलासुद्धा आम्ही इतकं करत नाही." उकंडराव म्हणाले, "म्हून तं लोक दवाखान्याले भेतात जी."

दौलतराव भिंतीशी उकिडवे बसून होते. सोनाबाई आणि तिची बहीण दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या.

साहेबांनी दोन्ही ताटांतून चाखलं आणि डावं दाखवलं. डॉक्टरांनी चाखलं आणि डावं दाखवलं. तात्यासाहेबांनी दोन्हीकडचे दोन दोन घास घेतले, मग पुन्हा डाव्याचा तिसरा, आणि मान हलवली.

बाईने सांगितलं, डावं दौलतरावांचं.

तात्यासाहेबांनी न विचारता एक कोरा कागद काढून बाजूला ठेवला. हरकतीचा. उकंडराव पुढे आले, डाव्या ताटातलं बोटभर भरीत घेऊन तोंडात घातलं. डोळे मिटले. मग आणखी थोडं घेतलं. सोनाबाईने बहिणीचा हात धरला.

उकंडरावांनी डोळे उघडले ते दौलतरावांकडे पाहत. "बी कोनतं रे?"

"दर्यापूरचं," दौलतराव म्हणाले. त्या दिवसातला त्यांचा तो पहिला शब्द असावा.

"अन् पानी?"

"फूल लागलं का कमी करतो."

"मी वाढवत होतो," उकंडराव म्हणाले. मग तात्यासाहेबांकडे वळले. "लेहा जी. त्याचे चांगले हायेत, त्याले ठेका द्या. पन माह्या वांग्याचं काय लेहेता?"

तात्यासाहेबांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणाले, "चांगलं आहे, बुवा. दुसरं समोर नसतं तर मी हेच संपवलं असतं." तात्यासाहेबांनी लिहिलं: 'नमुना चांगला.' उकंडरावांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं, आणि मग पुन्हा एकदा मोठ्याने, दाराशी उभ्या असलेल्या दोघींना ऐकू जाईल असं.

त्यानंतर लवकरच माझी अमरावतीला बदली झाली आणि उकंडराव पुन्हा भेटले नाहीत. त्यामुळे त्यांचं शेवटचं दर्शन माझ्या मनात त्याच दुपारचं आहे. कागद आवरून मी घराकडे निघालो तर नदीच्या पुलाच्या तोंडाशी कापसाच्या गाड्या तुंबल्या होत्या. पुढे जाऊन पाहिलं तर रस्त्याच्या मधोमध दोघे साडू उकिडवे बसलेले. रिकाम्या टोपल्या बाजूला. काळा कोट काढून सोनाबाईच्या हातात दिलेला. दौलतराव धुळीत बोटाने रेघा ओढत होते, दोन झाडांत अंतर किती ठेवायचं ते दाखवत, आणि उकंडराव मान वाकवून पाहत होते.

पहिल्या गाडीवाला ओरडला, "उठा ना बापा, हे काय वावर हाये का?"

उकंडरावांनी मान वर केली नाही. "हाये," ते म्हणाले, "चाकानं वाफा नको मोडू," आणि धुळीतल्या रेघेवर बोट ठेवून दौलतरावांना विचारलं, "अन् इथून पानी कसं नेतं?"

गाडीवाला थोडा वेळ पाहत राहिला. मग खाली उतरला आणि बैलांना रेघांच्या बाजूने, कडेकडेने काढू लागला.